गाड्या मोजाव्यात की माणसे?

रबाळे, प्रतिनिधी - ठाणे-बेलापूर मार्गावर रबाळे परिसरात सकाळ-संध्याकाळ होणारी वाहनांची गर्दी नवी मुंबईकरांच्या अंगवळणी पडली आहे. एमआयडीसीतील कारखान्यांचे कामगार, ऐरोली-घणसोली पट्ट्यातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी आणि अवजड वाहने या सर्वांचा भार हाच रस्ता वाहतो. २०१८ मध्ये या मार्गावर नवे उड्डाणपूल आणि महापे येथे भुयारी मार्ग खुला झाला. परंतु रस्ता वारंवार रुंद करता येत नाही. त्यामुळे आहे त्या रस्त्यावरून अधिक माणसे कशी नेता येतील, हाच खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत यावर 'कारपूल मार्गिके'चा उपाय योजला गेला. ठरावीक संख्येहून कमी प्रवासी असलेल्या मोटारींना या मार्गिकेत मज्जाव असतो. बसगाड्यांना मात्र मुभा असते. मार्गिका रिकामी दिसते, अशी ओरड नेहमीच होते. परंतु तिचे मोल गाड्यांच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवरून ठरते.

लॉस एंजलिसमधील एल मॉन्टे मार्गाचा अनुभव येथे बोलका आहे. जानेवारी २००० मध्ये तेथे गर्दीच्या वेळची किमान प्रवासीसंख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. सकाळच्या ऐन गर्दीत तासाला जाणाऱ्या गाड्या सुमारे ११०० वरून १६०० झाल्या. माणसे मात्र ५९०० वरून ५२०० वर आली. मार्गिकाच तुंबल्याने बसगाड्या रखडल्या. त्याच वर्षी जुलैत गर्दीच्या वेळेसाठी तीन प्रवाशांची अट पुन्हा लागू झाली.

जाकार्तामध्ये मार्गिकेऐवजी प्रमुख रस्त्यांवरच गर्दीच्या वेळी तीन प्रवाशांचे बंधन होते. संख्या भरून काढण्यासाठी पैसे घेऊन मोटारीत बसणारे 'जॉकी' रस्त्याकडेला उभे राहत. नियमाची अशी थट्टा होत असल्याने तो निरुपयोगी असावा, असा समज होता. एप्रिल २०१६ मध्ये तो उठविल्यानंतर संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा सकाळी एक किलोमीटर कापण्यास लागणारा विलंब २.१ वरून ३.१ मिनिटांवर, तर संध्याकाळी २.८ वरून ५.३ मिनिटांवर गेल्याचे आढळले.

रबाळ्यात असा प्रयोग करावयाचा झाल्यास प्रश्न केवळ मोटारींचा राहणार नाही. येथील बहुसंख्य कामगार बस, रिक्षा, दुचाकी किंवा लोकलने येतात. त्यामुळे मार्गिकेत पहिला मान एनएमएमटी आणि कंपन्यांच्या बसगाड्यांना द्यावा लागेल. दुचाकींचे काय, हेही आधीच ठरवावे लागेल. शिवाय कारखान्यांच्या फाटकांकडे वळणारी अवजड वाहने डावीकडची मार्गिका वारंवार छेदतील.

सर्वांत अवघड भाग देखरेखीचा. पुण्यात २००६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीच्या मार्गिकांत खासगी वाहने घुसत राहिली, हा अनुभव ताजा नसला तरी विसरण्याजोगा नाही. मोटारीत किती जण बसले आहेत, हे कॅमेऱ्यालाही सहज दिसत नाही. 'ही बस आहे की नाही' हे मात्र लगेच कळते. म्हणूनच आरंभ बसमार्गिकेने करावा आणि जागा उरल्यास तीन प्रवाशांच्या मोटारींना प्रवेश द्यावा, हा क्रम अधिक व्यवहार्य ठरेल. त्यापूर्वी रबाळ्यातून तासाला किती वाहने जातात याबरोबरच किती माणसे जातात, याचीही मोजणी व्हावयास हवी.