गुरुवारची सुट्टी दोघांची

विहारात शुगर-बीपीची तपासणी ठेवली की मी आलेल्या बायकांना एक प्रश्न हमखास विचारते, "तुम्ही दोघं शेवटचं एकत्र कधी जेवलात?"

मागच्या वेळी एक ताई तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, लग्नात एकमेकांना घास भरवला होता, तेवढंच." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी निघालं 160/100. त्या आल्या होत्या नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्यांची चौकशी करायला. स्वतःचं बीपी त्यांनी आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. घरात रोज तीन प्रकारचं रांधतात. नवऱ्याला शुगरची भाकरी, पोरांना भात, सासऱ्यांना बिनतिखटाचं. आणि स्वतः? सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानं, उरेल ते.

आजच्या आरोग्य पानावर कुठलं नवं औषध सांगणार नाही. नवरा-बायकोनं मिळून रांधावं, मिळून एखादा छंद करावा आणि आठवड्यातून एकदा मिळून घराबाहेर पडावं, एवढंच सांगणार आहे. "हे सगळं फ्लॅटवाल्यांचं, आपल्याला कुठं परवडतं," असं कुणी म्हणेल, म्हणून हिशेबासकट सांगते.

आपल्याकडे रविवार नसतो

देहू, देहूरोड, तळवडे, चिंचोली या भागातल्या आपल्या घरांचं घड्याळ कंपनी चालवते. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. वीज पुरावी म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटल्या गेल्या, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. पोरांच्या शाळेला सुट्टी रविवारी. बायको सोसायटीत धुणीभांडी करत असेल तर रविवारी तिला जास्तच काम, कारण त्या दिवशी मालक घरी असतात. म्हणजे घर एक, सुट्ट्या तीन आणि कुणाची कुणाशी गाठ नाही.

मग गुरुवार जातो कसा? बुधवारी रात्री बाटली, गुरुवारी दुपारपर्यंत झोप, नंतर मोबाईल. सगळ्याच घरांत असं नाही, पण बऱ्याच घरांत आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आमचं घर काही वेगळं नव्हतं. मी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, महिन्यातून दहा-दहा नाइट. मिस्टर चाकणला तीन शिफ्टमध्ये. मी घरी येणार तेव्हा ते निघालेले. आमची दोघांची भेट शेजारच्या काकूंकडे ठेवलेल्या किल्लीशी व्हायची, एकमेकांशी नाही. अशात एकदा त्यांचा घाव भरेना म्हणून तपासलं, तर उपाशीपोटी शुगर 212. निदानाची रेघ 126 वर असते. शेकडो पेशंटना पथ्य शिकवणारी मी, आणि माझ्याच घरात ही गोष्ट दबा धरून बसलेली.

मी आधी चिडले. कंपनीतला दिवसाचा पाच-सहा कप गोड चहा, गेटवरचा वडापाव, सेकंड शिफ्टहून आल्यावर रात्री एकला पोटभर भात, सगळं ऐकवलं. मोठा तक्ता लिहिला आणि फ्रीजला चिकटवला. दोन दिवस त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे सगळं मी एकट्यानंच खायचं का?"

त्या एका वाक्यानं माझं नर्सिंग मला पुन्हा शिकवलं. पथ्य माणसाला एकटं पाडत असेल तर ते टिकत नाही. तक्ता काढून टाकला. ठरवलं की जे ते खातील तेच मी खाईन, आणि गुरुवार दोघांचा.

रांधताना दोघं

चुलीपाशी एकटी बाईच का, हा प्रश्न समतेचा आहेच, पण आरोग्याचाही आहे. जो स्वतः फोडणी घालतो त्याला तेल किती पडतं ते दिसतं. आमच्या मिस्टरांनी पहिल्यांदा भाजी केली तेव्हा म्हणाले, "एवढं तेल आपण रोज पितो?" माझ्या दहा व्याख्यानांचं काम त्या एका पळीनं केलं.

हिशेब साधा ठेवा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरात चार माणसं, तर दोन लिटरची पिशवी महिनाभर पुरली पाहिजे. मीठ माणशी दिवसाला एक छोटा चमचा, त्यातच पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. सुकट-बोंबील आपल्या जिभेवरचे, ते सोडा असं मी म्हणणार नाही. आधी पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका.

शुगर आहे म्हणून वेगळा स्वयंपाक करू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुठीएवढा भात, वाटीभर डाळ किंवा उसळ आणि ताटाचा अर्धा भाग भाजी. हे शुगरवाल्याला चालतं आणि बाकीच्यांनाही हेच हवं. चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी ही आपल्या आज्यांची ताटं. गरिबीचं खाणं म्हणून आपण ती लाजून सोडली, आता तीच मॉलमध्ये महाग विकतात. मटण करायचं तर तर्री कमी आणि फोडी मोजून. कलेजीत लोह भरपूर असतं, तेव्हा पहिली फोड घरातल्या बाईच्या ताटात पडू द्या. आपल्याकडे ती पुरुषाच्या ताटात पडते आणि हिमोग्लोबिन बाईचं कमी निघतं. फक्त गरोदरपणात कलेजी टाळा.

भावांनो, सुरुवात जमेल तिथून करा. कांदा चिरा, भाजी निवडा, भाकरी थापायला बसा. वाकडी होईल, होऊ द्या. आणि गुरुवारी एक जेवण तरी दोघांनी समोरासमोर बसून जेवा, टीव्ही बंद करून.

छंद म्हणजे चैन नाही

बाबासाहेबांना आपण सतत टेबलापाशी, ग्रंथांच्या ढिगात पाहतो. पण त्यांना बागेचा नाद होता, व्हायोलिन ते शिकले, आणि स्वतः रांधायचीही त्यांना हौस होती. एवढं काम अंगावर असलेल्या माणसानं या गोष्टींना वेळ दिला, तर "छंदाला वेळ कुठं आहे" हे आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

वस्तीतल्या खोलीत मावतील असे छंद सांगते. रंगाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडा, माती भरा, मेथी पेरा. तीन-चार आठवड्यांत भाजी हाताशी येते. पाणी कुणी घालायचं यावरून रोज दोन वाक्यं बोलणं होतं, तेही कमी नाही. एकाला ढोलकी येत असेल, दुसऱ्याचा गळा बरा असेल, तर भीमगीतं जयंतीपुरतीच का ठेवायची? वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. तेच घरी रोज एक पान, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घ्या, टाके तिनं घालावेत, दोरे त्यानं ओवावेत.

नर्स म्हणून मी याकडे असं बघते की हात आणि मन गुंतलं की बाटलीकडे आणि तंबाखूच्या पुडीकडे जाणारा हात थोडा थांबतो. जुनं व्यसन एवढ्यानं सुटत नाही, त्यासाठी डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्र लागतं. पण सोडल्यानंतरची रिकामी संध्याकाळ भरायला काहीतरी लागतंच.

सहल आपल्या दाराशी आहे

लांब जायला नको. देहूरोडची धम्मभूमी तुम्हाला ठाऊकच आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची तिथे स्थापना केली. आपण 25 डिसेंबरला गर्दीत जातो, धक्के खातो आणि परत येतो. एखाद्या साध्या गुरुवारी दोघंच जा आणि अर्धा तास शांत बसा. ती जागा वेगळीच वाटते.

थोडं चालायचं असेल तर देहूरोड आणि तळेगावच्या मध्ये, जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेला घोरावडेश्वरचा डोंगर आहे. तिथल्या शेलारवाडीच्या लेण्या मूळच्या बौद्ध. त्यातल्या एका ब्राह्मी लेखात दानाची नोंद आहे. धेनुकाकट इथं राहणारा उसभणक हा नांगर धरणारा कुटुंबवाला. त्याच्या बायकोनं, सिअगुतणिकानं, आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या बायकोचं नाव दगडात कोरलं गेलं, तेही आपल्या घरापासून एवढ्या जवळ. मी पहिल्यांदा हे समजून घेऊन पायऱ्या चढले तेव्हा धाप लागली होती, तरी थांबावंसं वाटलं नाही.

पूर्ण दिवस असेल तर देहूरोडहून लोणावळा लोकल पकडा. तळेगावला उतरलात तर बाबासाहेबांचा बंगला पाहता येतो. मळवलीला उतरलात तर भाजे लेणी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पलीकडे कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, खांद्याला खांदा लावून उभ्या. तिथल्या दानलेखांत सुतार आहे, अत्तर विकणारा आहे. कष्ट करणाऱ्या माणसांच्या पैशातून ते उभं राहिलं. लोकलचं तिकीट आणि लेणीचं तिकीट सोडलं तर खर्च नाही. भाकरी-चटणीचा डबा घरचाच.

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. रात्री जेवून दोघं पंधरा मिनिटं वस्तीला फेरी मारून आलात तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते. लोक म्हणतील, "या वयात हे काय चाळे!" म्हणू द्या. आम्हालाही म्हणाले. आता त्यातलीच दोन जोडपी आमच्याबरोबर येतात.

निघताना एवढं सांभाळा

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी डोंगर चढू नका. खिशात साखरेची पुडी ठेवा. अचानक घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर खायला द्या आणि बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. शुगरवाल्यानं अनवाणी चालू नये, जखम झालेली कळत नाही. घरी आल्यावर एकमेकांचे तळवे बघा. चढताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला तर "गॅस असेल" म्हणून पुढे जाऊ नका, 108 ला फोन करा.

आणखी एक. घरात मारहाण होत असेल तर त्यावर सहल हा उपाय नाही. बहिणींनो, 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आमच्यासारख्या कार्यकर्त्या आहेत, आधी बोला. ज्या एकट्या आहेत त्यांनी मैत्रिणीबरोबर, बहिणीबरोबर गुरुवार ठरवा. सोबत महत्त्वाची.

नकुलमाता आणि माईसाहेब

भगवंतांच्या उपासकांत नकुलपिता आणि नकुलमाता हे जोडपं होतं. नकुलपिता मरणाच्या दारात होता. बायकोनं उशाशी बसून त्याला सांगितलं, माझी काळजी करत प्राण सोडू नका, मला सूत कातता येतं, मी पोरांना वाढवीन, घर सांभाळीन. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं आणि तो बरा झाला. काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा त्यांनी अशी बायको लाभल्याबद्दल त्याला भाग्यवान म्हटलं.

दुसरं उदाहरण जवळचं. बाबासाहेबांनी धम्मग्रंथासाठी लिहिलेली एक प्रस्तावना पहिल्या छापील आवृत्तीत आली नाही. तिच्यात आपलं आयुष्य लांबवल्याचं श्रेय ते पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांना देतात. माईसाहेबांवरून आपल्यात वर्षानुवर्षं वाद झाले. पण मधुमेहानं पोखरलेल्या त्या शरीराला पथ्य, औषध आणि सोबत कुणी दिली, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आमच्या मिस्टरांची गोळी सुटलेली नाही, ती चालूच आहे आणि तुम्हीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. पण घाव वेळेवर भरतात, डोळे तपासले की ठीक निघतात, आणि फ्रीजवर आता तक्ता नाही, कार्ल्याला काढलेला दोघांचा फोटो आहे.

त्या 160/100 वाल्या ताई पुढच्या तपासणीला आल्या, गोळी सुरू केलेली होती. या वेळी मागे नवराही होता. हातात डबा होता. म्हणाले, "सिस्टर, आज गुरुवार. तपासून झालं की डोंगरावर जातोय. भाजी मी केलीय."

येत्या गुरुवारी तुम्ही कुठं जाणार, आजच ठरवा.

जय भीम.