रेंज नसली तरी फाइल जाते! मोबाईलमधून मोबाईलमध्ये देण्याच्या वाटा आणि त्यांचा हिशेब

आज सातबारा मोबाईलमध्ये आहे, माती परीक्षणाचा अहवाल मोबाईलमध्ये आहे आणि पडलेल्या पिकाचा फोटोही मोबाईलमध्येच आहे. पण अतिवृष्टी झाली, वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली की नेट बंद पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाण्याने जो कहर केला, तशा प्रसंगी फोटो काढलेला असतो, पण तो पाठवायचा कसा म्हणून माणूस अडून बसतो. डोंगराकडेच्या वाड्यांना तर हा अनुभव बारमाही आहे.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. दोन मोबाईल शेजारी-शेजारी असतील तर फाइल देण्या-घेण्यासाठी नेट लागत नाही, रेंज लागत नाही आणि बॅलन्सही जात नाही. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये जवळच्या जवळ बोलणारे छोटे रेडिओ कंपनीनेच बसवलेले असतात. ते कोणते, कोणत्या कामाला कोणता बरा आणि कुठे सावध राहावे, याची माहिती या लेखात देत आहे.

आधी थोडी जुनी ओळख

सुरुवातीला इन्फ्रारेड होते. टीव्हीच्या रिमोटसारखाच हा प्रकार. दोन फोनची तोंडे समोरासमोर, हातभर अंतरावर धरायची आणि काम होईपर्यंत हलवायची नाहीत. मध्ये हात आला की सगळे बंद. नव्या फोनमध्ये इन्फ्रारेड असलेच तर ते टीव्ही चालवण्यापुरते असते. फाइल देण्यासाठी त्याचा काळ संपला.

ब्लूटूथ : सावकाश, पण सगळीकडे चालणारे

ब्लूटूथचे काम १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या एका राजाच्या नावावरून हे नाव पडले. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. फोनमधील ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर, म्हणजे तीस-बत्तीस फूट धरावा. पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे ओली भिंत, भरलेली टाकी, एवढेच काय मध्ये उभा राहिलेला माणूसही अडथळा होतो. म्हणून फोन शेजारी ठेवूनच फाइल द्यावी.

ब्लूटूथची मोठी उणीव म्हणजे वेग. फाइल देताना प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम पाव मेगाबाईट, बहुतेक वेळा त्याहूनही कमी जाते. मात्र गुण असा की बटणांच्या बऱ्याच साध्या फोनमध्येही ते असते. वडिलांचा साधा फोन आणि पोराचा स्मार्टफोन यांच्यात हाच पूल आहे. फक्त आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात ब्लूटूथने फोटो जात नाही. तिथे वेळ वाया घालवू नये.

वाय-फाय डायरेक्ट : तीन इंची पाईप

वाय-फाय म्हटले की लोकांना इंटरनेट वाटते. तसे नाही. वाय-फाय ही नुसती वाहून नेणारी लहर आहे, तिच्या पलीकडच्या टोकाला इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. दोन फोन मधल्या यंत्राशिवाय थेट वाय-फायने जोडले की त्याला वाय-फाय डायरेक्ट म्हणतात. २०१० पासून अशा उपकरणांना प्रमाणपत्र मिळू लागले आणि २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून ही सोय फोनमध्ये आली.

आपल्या भाषेत सांगायचे तर ब्लूटूथ म्हणजे ठिबकची नळी आणि वाय-फाय डायरेक्ट म्हणजे तीन इंची पाईप. साध्या फोनवरही सेकंदाला तीन ते पाच मेगाबाईट निघतात. फोन चांगला आणि ५ गिगाहर्ट्झचा असेल तर दहाच्या वरही जातात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीतून तो कमी जातो.

क्विक शेअर आणि एअरड्रॉप : दोघांची जोडी

नुसते वाय-फाय डायरेक्ट जोडणे किचकट असते, प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये त्याची जागा वेगळी. म्हणून दोन्ही रेडिओ एकत्र वापरणारी सोय निघाली. शेजारचा फोन शोधायला आणि ओळख पटवायला ब्लूटूथ, तर ओझे वाहायला वाय-फाय. आयफोनमधील एअरड्रॉप याच पद्धतीचे आहे. अँड्रॉइडमध्ये गूगलने २०२० मध्ये निअरबाय शेअर नावाने ही सोय दिली. जानेवारी २०२४ मध्ये ती सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळली आणि आता क्विक शेअर हेच नाव चालते. वेगळे ॲप टाकावे लागत नाही. फोटो उघडा, शेअरचे चिन्ह दाबा, क्विक शेअर निवडा, एवढेच. मात्र दोन्ही फोनवर ब्लूटूथ, वाय-फाय आणि लोकेशन ही तिन्ही बटणे चालू असावीत. बहुतेकांचे इथेच अडते.

त्यातच लिंक बनवून पाठवण्याचा पर्यायही दिसतो. त्याला नेट लागते. शेतात त्याचा उपयोग नाही.

एनएफसी : फक्त टेकवण्यापुरते

काही महाग फोनमध्ये एनएफसी असते. त्याचा पल्ला अवघा चार सेंटीमीटर, म्हणजे फोन टेकवावाच लागतो. कार्ड टेकवून पैसे देतात ते हेच. यातून फाइल देण्याची अँड्रॉइड बीम नावाची सोय २०११ मध्ये आली होती. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ती मागे पडली. तेव्हा फाइलसाठी एनएफसी आहे म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

हिशेब मांडून पाहू

जाहिरातीत वेग मेगाबिटमध्ये लिहितात आणि फाइलचा आकार मेगाबाईटमध्ये असतो. आठ बिटचा एक बाईट होतो. म्हणजे जाहिरातीतील आकड्याला आठाने भागावे आणि जे येईल त्याच्याही निम्म्यावरच भरवसा ठेवावा. शेताच्या कामाचा अंदाज असा :

• पिकाचा एक फोटो (सुमारे ४ मेगाबाईट) : इन्फ्रारेडने पाच-सहा मिनिटे लागली असती. ब्लूटूथने वीस सेकंदांच्या आसपास. क्विक शेअरने एक-दोन सेकंद.
• पंचनाम्याचे ३० फोटो (१२० मेगाबाईट) : ब्लूटूथने दहा मिनिटे. क्विक शेअरने दहा सेकंद ते अर्धा मिनिट.
• सातबाऱ्याची पीडीएफ : फाइल लहान, ब्लूटूथनेही काही सेकंदांत जाते.

थोडक्यात, एक-दोन कागद द्यायचे तर ब्लूटूथ पुरते. फोटोंचा गठ्ठा किंवा व्हिडिओ असेल तर क्विक शेअरच घ्यावे.

पंचनाम्याच्या कामी

नुकसानीच्या फोटोवर ठिकाण आणि वेळ दिसणे महत्त्वाचे. जीपीएस उपग्रहावरून चालते, त्याला टॉवरची गरज नाही. नेट नसताना ठिकाण सापडायला थोडा उशीर लागतो, तेवढे मोकळ्या आभाळाखाली थांबावे. फोटोच्या पोटात ठिकाणाची नोंद लपलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती नोंद गळते, शिवाय फोटो दाबून लहान होतो आणि अक्षरे पुसट होतात. क्विक शेअर किंवा ब्लूटूथने फोटो मूळ आकारात जातो. तरीही काही फोन पाठवताना लपलेली नोंद काढून टाकतात. म्हणून ठिकाण आणि वेळ फोटोवरच छापून येईल असे कॅमेरा ॲप वापरावे. छापलेले गळत नाही.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामपंचायतीचे आणि कृषी खात्याचे कर्मचारी यांना एक सूचना. रेंज नसलेल्या गावात दिवसभराचे फोटो संध्याकाळी एका फोनवर गोळा करावेत, गट नंबरप्रमाणे फोल्डर करावेत आणि एकाने रेंजच्या ठिकाणी जाऊन ते चढवावेत. पण काम नोंदले जाईपर्यंत मूळ फोटो कोणीही पुसू नयेत. ई-पीक पाहणीचा फोटो मात्र असा दुसऱ्याकडून आणून चालत नाही. तो शेतात उभे राहून त्या ॲपमधूनच काढावा लागतो.

दार उघडे ठेवू नका

जवळून येणारी फाइल म्हणजे भरवशाचीच, असे समजू नये. ब्लूटूथवरून फोनमागून फोनला लागणारा कॅबिर नावाचा किडा २००४ मध्येच सापडला होता. आज मोठा धोका एपीके फाइलचा आहे. पीएम किसानच्या नावाने अशी फाइल पाठवून लोकांची बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले आहेत. ती व्हॉट्सॲपवर येवो की शेजारच्या फोनवरून, उघडू नये. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरवरूनच.

शेअरइट आणि झेंडर ही ॲप एके काळी गावोगाव चालत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती. कोणी जुनी फाइल देऊ लागला तरी घेऊ नये. फोनमध्येच सोय असताना बाहेरचे कशाला?

आणखी काही पथ्ये :

१. फोनला स्वतःचे नाव द्यावे. एकाच मॉडेलचे चार फोन चावडीवर असले की आधार कार्ड भलत्याच्या फोनवर जाते. पाठवण्याआधी दोन्ही पडद्यांवरचे नाव किंवा आकडा जुळवून पाहावा.
२. क्विक शेअरमध्ये ‘सर्वांसाठी’ हा पर्याय दहा मिनिटांपुरताच ठेवावा.
३. अनोळखी फोनकडून फाइल आल्याचे दिसले तर नकार द्यावा.
४. काम झाले की ब्लूटूथ बंद करावे. बॅटरीही वाचते.

आणि काहीच जुळले नाही तर तारेची लाज बाळगू नये. चार्जरची केबल आणि संगणक, किंवा जुन्या फोनमधले मेमरी कार्ड, यांना रेंजही लागत नाही आणि जोडणीही.

पावसाळा तोंडावर येण्याआधी घरातील दोन फोन समोर घेऊन एकदा फोटो देऊन-घेऊन पाहावा. घरच्या बायकामाणसांनाही ते शिकवून ठेवावे, कारण नुकसान होते त्या दिवशी फोन कोणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही. पंप बंद पडल्यावर पाना शोधण्यापेक्षा तो आधीच जागेवर ठेवलेला बरा.