मालवाहू ट्रेलरवरील स्थानसूचक यंत्र : ऊर्जेचा व जागेचा प्रश्न

ट्रकवर बसविले जाते तेच स्थानसूचक यंत्र ट्रेलरवर बसविले म्हणजे काम झाले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. ट्रकला स्वतःचे एंजिन असते. ट्रेलरला ते नसते. ओढणारे वाहन सुटून गेले, की ट्रेलर एखाद्या तळावर एकटा उभा राहतो. तो कोणी परस्पर ओढून नेण्याची भीती याच काळात असते. ज्या वेळी माहितीची निकड अधिक, त्याच वेळी बाहेरून मिळणारी वीज बंद, हा या प्रश्नाचा गाभा होय.

यंत्राची कामे दोन. पहिले, स्थान ठरविणे. जीपीएस योजनेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून कालदर्शक संदेश पाठवितात. अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या घड्याळातील चूक या चार अज्ञात राशी काढावयाच्या असल्याने किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. दुसरे काम, ते स्थान मोबाइल जाळ्यामार्फत मालकास कळविणे.

उपग्रहाच्या संदेशाची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. असा क्षीण संदेश पोलादी पत्र्यातून आत शिरत नाही. म्हणून बंद ट्रेलरवर अँटेना छताबाहेर, आकाशाकडे तोंड करून बसवावा लागतो. न्हावा-शेवा येथील बंदरात ये-जा करणाऱ्या कंटेनर-ट्रेलरांना मात्र छत नसते; सांगाड्यावर कंटेनर चढला, की खालचे यंत्र झाकले जाते. तेथे ते सांगाड्याच्या कडेस, आकाशाचा काही भाग मोकळा राहील अशा जागी बसवून, कंटेनर चढविल्यावर पुन्हा तपासणे अवश्य आहे.

ऊर्जेचा प्रश्न याहून बिकट आहे. सात पिनांच्या साध्या जोडणीतील तारा मुख्यतः दिव्यांच्या असतात. अशा तारेवर यंत्र जोडले, तर दिवा लागेल तेवढाच वेळ त्याची बॅटरी भरते. समजा, बॅटरी ७ अँपिअर-तासांची आहे. यंत्र सतत ५० मिलिअँपिअर प्रवाह घेत राहिले, तर ती १४० तासांत, म्हणजे सहा दिवसांच्या आत संपेल. यंत्र बहुतेक काळ निद्रिस्त ठेवून सरासरी प्रवाह १ मिलिअँपिअरवर आणला, तर हिशेबाने ती ७,००० तास, म्हणजे सुमारे २९० दिवस पुरेल. प्रत्यक्षात उष्णता व बॅटरीची झीज यांमुळे काही कमी.

परंतु या काटकसरीची किंमत द्यावी लागते. दर चार तासांनी एकदाच संदेश येत असेल, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रेलर दोन संदेशांच्या दरम्यान १६० किलोमीटर दूर गेलेला असेल. यावर उपाय म्हणजे कंपन जाणवताच यंत्रास जागे करणारा गतिसंवेदक. ट्रेलर उभा असता मौन आणि हलताच वारंवार संदेश, अशी योजना केल्यास दोन्ही गरजा भागतात.

तात्पर्य, ट्रेलरवरील यंत्राची खरी परीक्षा ओढणारे वाहन जोडलेले असताना होत नाही. ते सुटल्यानंतरच्या दिवसांत होते.