सेवेचे तास आणि परीक्षेचे गुण

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला मुलगा निघाला, की सातारा-सांगलीकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : बांध घालून अभ्यास कसा होणार?

साताऱ्याला हा प्रश्न नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शेतात राबून मुले पदवीधर झाली. मात्र तिथे श्रमातून शिक्षणाचा खर्च भागत होता. सेवेमुळे अभ्यास सुधारतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. अमेरिकेतील सेलिओ, डुर्लाक आणि डिम्निकी यांनी 2011 मध्ये 62 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत 11,837 विद्यार्थी होते. अभ्यासातील प्रगतीवरील परिणाम 0.43 इतका निघाला. सोप्या भाषेत, सेवाशिक्षण घेणारा सरासरी विद्यार्थी ते न घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण 66 जणांच्या पुढे होता. अर्थात, अशा उपक्रमांत मुळातच उत्साही मुले अधिक येतात, हे धरूनच हा आकडा वाचावा.

शिवाय तो केवळ श्रमदानाचा नाही. सेवा अभ्यासक्रमाशी जोडलेली असेल आणि तिच्यावर नंतर चर्चा किंवा लेखन होत असेल, तिथे परिणाम अधिक चांगले दिसले. 2019 च्या महापुरात सांगलीतील अनेक वस्त्या कृष्णेच्या पाण्याखाली गेल्या. पुरानंतर चिखल काढणे ही सेवाच. पण भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून नकाशावर मांडल्या आणि प्राध्यापकांनी पूररेषेचा धडा त्या नकाशावर शिकवला, तर ते सेवाशिक्षण. दुसऱ्यात प्राध्यापकाची मेहनत जास्त, आणि घोडे बहुधा तिथेच अडते.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास आणि एक विशेष शिबिर अपेक्षित असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमात समाजाशी निगडित कामाला श्रेयांकही आहेत. ते हजेरीपत्रकावरचे तास मोजून द्यायचे, की विद्यार्थ्याने त्या कामावर लिहिलेले टिपण वाचून, हे महाविद्यालयांना आता ठरवावे लागेल.