माळावरची खर्तुडी: समज आणि खरं

कंदीलपुष्पं फक्त सह्याद्रीच्या कड्यांवर असतात, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. हरिश्चंद्रगडाकडच्या जातींचे फोटोच जास्त फिरतात, त्याचा हा परिणाम असावा. कंदीलपुष्पांतली खर्तुडी मात्र कोरड्या मुरमाड माळावरही खुशाल वाढते, अगदी राजस्थानातसुद्धा. मराठवाड्यात ती शोधायची तर श्रावण-भाद्रपदात, कुसळी गवताच्या काड्यांना वेढे घालणाऱ्या बारीक वेलींत.

पानावर जाल तर फसाल. एका वेलीचं पान गोलसर, दुसरीचं गवतासारखं चिंचोळं. दोन्ही खर्तुडीच! वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने 1795 मध्ये तिचं वर्णन केलं. पुढे चिंचोळ्या पानाची जात वेगळी मानली गेली होती, तीही आता याच जातीत धरतात. पानं समोरासमोर, जोडीनं येतात, एवढं मात्र पक्कं.

खरा घोळ होतो कीडामारीशी. काळ्या रानात, बांधावर ती भरपूर. तिच्याही फुलाला बुडाशी फुगीर नळी असते. पण वर जिभेसारखी एकच जांभळट पाकळी, आणि पानं एकाआड एक. खर्तुडीच्या नळीवर पाच पाकळ्या शेंड्याशी जुळून छोटा पिंजरा होतो. आत शिरलेली माशी नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, म्हणून फूल किडे खातं असा बोभाटा. खात काही नाही. केस सुकले की माशी परागांचे पुंजके घेऊन बाहेर पडते.

ओळख पटवायला कंद उकरू नका. गुराखी तो खायचे हे खरं, पण कंद गेला की वेल गेली. त्याहून मोठा घाव आपण पुण्यकर्म समजून घालतो. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी, म्हणून दिसेल त्या माळावर जेसीबीनं खड्डे आणि झाडं! माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, हा समज त्यामागे आहे. ज्या मुलखात लाल कंधारी आणि देवणी जनावरं पोसली गेली, तिथल्या गवताळ माळाला पडीक म्हणायचं तरी कसं?

फोटो काढाल तर तीन काढा: फूल बाजूनं, पिंजरा वरून आणि पानांची जोडी. फूल हुकलं तर नंतर बारीक जोडशेंगा पाहा. त्यातल्या बियांना रुईसारखा कापूस असतो.