रिकाम्या क्षणांतील रंगांकन : टेक्स्ट एडिटरमधील पार्श्वकार्याचे नियोजन

प्रोग्रॅम लिहिण्याच्या एडिटरमध्ये भाषेचे राखीव शब्द एका रंगात, अवतरणातील मजकूर दुसऱ्या रंगात आणि टिप्पणी तिसऱ्या रंगात दिसते, या गोष्टीची आज इतकी सवय झालेली आहे की, हे रंग फाइलमध्ये कोठेही लिहिलेले नसतात याचे सहसा स्मरणही राहत नाही. फाइलमध्ये असतो तो केवळ मजकूर. तो वाचून, त्याचे घटक ओळखून, प्रत्येक घटकास रंग देण्याचे काम एडिटर करीत असतो. या कामास सिंटॅक्स हायलायटिंग अशी संज्ञा आहे. येथे तिच्यासाठी रंगांकन हा शब्द योजिला आहे. रंगांकन कसे करावे हा प्रश्न व्याकरणाचा व विश्लेषणाचा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते केव्हा करावे, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. वस्तुतः एडिटर वापरणाऱ्यास सुख की त्रास, हे बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

अडचण कोठे उत्पन्न होते ते प्रथम पाहू. सी भाषेत तिरपी रेघ व तारका ही दोन चिन्हे आली की टिप्पणी सुरू होते व तारका आणि तिरपी रेघ या उलट क्रमाच्या चिन्हांनी ती संपते. मध्ये कितीही ओळी असू शकतात. म्हणून चाळीस हजाराव्या ओळीवर लिहिलेला शब्द हा राखीव शब्द आहे की टिप्पणीतील साधा शब्द, हे त्या ओळीकडे पाहून सांगता येत नाही. त्याकरिता आरंभापासून तेथपर्यंतचा मजकूर वाचलेला असावा लागतो, अथवा निदान मागील ओळीच्या अखेरीस विश्लेषक कोणत्या अवस्थेत होता, हे माहीत असावे लागते. बहुतेक एडिटर प्रत्येक ओळीच्या किंवा ठराविक अंतराच्या अखेरीची ही अवस्था साठवून ठेवतात. मजकुरात बदल झाला म्हणजे त्या स्थळानंतरच्या साऱ्या अवस्था संशयास्पद ठरतात. पुनर्विश्लेषण करीत जावे आणि नव्याने काढलेली अवस्था जुन्या साठवलेल्या अवस्थेशी जुळली की थांबावे, हा त्यावरचा रूढ उपाय होय. बहुतेक वेळा हे जुळणे एकदोन ओळींतच घडते. परंतु टिप्पणीचा आरंभ टंकित होऊन तिचा शेवट अद्याप टंकित व्हावयाचा असतो, त्या क्षणी खालची सारी फाइल टिप्पणी बनते आणि काम एकदम हजारो पटींनी वाढते.

हे सारे काम त्याच क्षणी उरकावे तर कळ दाबल्यावर अक्षर उमटण्यास विलंब होतो. आय.बी.एम.मधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मनुष्य व संगणक यांच्या संवादातील प्रतिसादकालाचा जो विचार मांडला, त्यात कळ दाबणे आणि तिचा परिणाम दिसणे यांतील अंतर ०.१ सेकंदाच्या आत असावे असे म्हटले होते. ही मर्यादा आजही सर्वत्र प्रमाण मानली जाते. टंकलेखनाचा वेग मिनिटास साठ इंग्रजी शब्द धरला, व शब्दास पाच अक्षरे धरली, तर सेकंदास पाच कळा दाबल्या जातात. म्हणजे दोन कळांमध्ये सरासरी २०० मिलिसेकंद जातात. प्रोसेसरच्या दृष्टीने हा काळ फार मोठा आहे. रंगांकनाचे उरलेले काम करावयाचे ते या आणि अशाच रिकाम्या क्षणांत.

रिकामा वेळ मनुष्याने पूर्वीच कामी आणला आहे. एम.आय.टी.मध्ये १९६१ साली प्रथम दाखविण्यात आलेल्या सी.टी.एस.एस. या कालविभागणीच्या प्रणालीत टर्मिनलवर बसलेल्यांची कामे पुढे आणि मोठमोठी गठ्ठ्याची कामे पाठीमागे चालत. पाठीमागच्या कामाने पुढच्यास अडवू नये, हा नियम तेव्हाचाच. एडिटरमध्ये मात्र एक अडचण अधिक असते. पुढचे व पाठीमागचे काम बहुधा एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच थ्रेडवर चालते, आणि दोहोंचा विषय एकच मजकूर असतो. चालू कामातून प्रोसेसर हिसकावून घेणारा कोणी वरिष्ठ येथे नसतो. पार्श्वकार्याने आपण होऊन हात आखडावा लागतो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्या वाचकास ही रीत परकी वाटू नये. हंड्याच्या किंवा घंगाळाच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके एकाशेजारी एक, ओळीने पडत जातात. कारागीर कोणत्याही दोन ठोक्यांच्या मध्ये थांबू शकतो. गिऱ्हाइकाशी बोलून पुन्हा बसला म्हणजे कोठून सुरुवात करावयाची हे त्यास वेगळे टिपून ठेवावे लागत नाही, कारण शेवटच्या ठोक्याची खूण भांड्यावरच असते. पार्श्वकार्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी येथे आहेत : थांबण्याजोगा लहान तुकडा आणि कामावरच उमटलेली प्रगतीची नोंद. ओळीच्या अखेरीची साठवलेली अवस्था म्हणजे हीच खूण. साम्य मात्र येथेच संपते. तांबटाने मठारलेला भाग गिऱ्हाईक येऊन पुन्हा चेपवीत नाही. एडिटरमध्ये टंकणारा नेमके तेच करीत असतो. म्हणून ‘येथपर्यंत काम झाले’ ही खूण प्रत्येक बदलाबरोबर, बदल तिच्या वरच्या अंगास असेल तर, मागे सरकवावी लागते. ही दक्षता न घेतल्याने जुन्या मजकुराचे रंग नव्या मजकुरावर पसरलेले दिसणे, हा नवशिक्यांच्या एडिटरमधील नेहमीचा दोष होय.

तुकडा किती लहान असावा, याचे गणित मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. पन्नास हजार ओळींची फाइल आहे आणि एका ओळीस २० मायक्रोसेकंद लागतात असे समजा. एकूण काम एक सेकंदाचे झाले. ते एकसलग केल्यास त्या सेकंदात दाबलेली प्रत्येक कळ खोळंबेल. कोडमिरर या ब्राउझरमधील एडिटरच्या पाचव्या आवृत्तीत २०० मिलिसेकंद काम व ३०० मिलिसेकंद विश्रांती असे प्रमाण मूलतः ठरविलेले होते. या प्रमाणाने वरील काम पाच तुकड्यांत, मधल्या चार विश्रांती धरून २.२ सेकंदांत पुरे होईल. कोणत्याही क्षणी आलेली कळ चालू तुकड्यात सापडण्याची शक्यता ४० टक्के. सापडल्यास तिला सरासरी १०० आणि अधिकात अधिक २०० मिलिसेकंद थांबावे लागेल. हा शेवटचा आकडा मिलर यांच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. आता प्रमाण तेच ठेवून तुकडा १० व विश्रांती १५ मिलिसेकंदांची केली तर शंभर तुकडे होतील, एकूण वेळ सुमारे २.५ सेकंद लागेल, आणि कळेला थांबावे लागलेच तर जास्तीत जास्त १० मिलिसेकंद. एकूण कालावधीत पाव सेकंदाहून थोडी अधिक भर पडली, परंतु खोळंबा विसाव्या हिश्श्यावर आला. हा व्यवहार निःसंशय फायद्याचा आहे. अर्थात तुकडा मनमानेल तितका लहान करता येत नाही. प्रत्येक वेळी काम उचलण्यास व ठेवण्यास काही स्थिर खर्च येतो, आणि तुकडा त्या खर्चाच्या जवळ आला की सारा वेळ उचलठेवीतच जातो. व्हीएस कोडमधील पार्श्वविश्लेषक रिकामा वेळ मिळाल्यावर निदान एक मिलिसेकंद काम केल्याखेरीज घड्याळाकडे पाहत नाही, याचे कारण हेच.

ब्राउझरमध्ये रिकामा वेळ मागून घेण्याची आता प्रमाणित सोय आहे. रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅक या नावाने ओळखली जाणारी ही सोय २०१५ साली क्रोममध्ये आली. तीत एका वेळी ५० मिलिसेकंदांहून अधिक मुदत दिली जात नाही. शंभराची निम्मी मुदत ठेवण्यात शहाणपण आहे : काम नुकतेच सुरू झाले असता कळ दाबली गेली तरी पन्नास मिलिसेकंदांनी ते थांबेल, आणि उरलेल्या पन्नासात तिला प्रतिसाद देता येईल. मात्र मुदत पाळण्याची जबाबदारी कामावरच असते. एकच ओळ लाखभर अक्षरांची असेल, आणि जावास्क्रिप्टच्या संक्षिप्त केलेल्या फाइलींत अशा ओळी सर्रास आढळतात, तर ‘दर ओळीनंतर घड्याळ पाहू’ हा नियम निरुपयोगी होतो. म्हणूनच व्हीएस कोड वीस हजार अक्षरांहून लांब ओळीचे विश्लेषण मूलतः करीतच नाही. व्हिम तीन हजाराव्या स्तंभापलीकडे रंग देत नाही, आणि पडदा रंगविण्यास दोन सेकंदांहून अधिक लागल्यास रंगांकन सोडून देतो. या एडिटरांनी शुद्धतेचा हट्ट सोडून हात पुढे चालू ठेवला, हे योग्यच झाले. रंग नसलेला मजकूर वाचता येतो. न हलणाऱ्या एडिटरमध्ये काहीच करता येत नाही.

ईमॅक्सची योजना या सर्वांत अधिक विचारपूर्वक आखलेली दिसते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एकविसाव्या आवृत्तीत गेर्ड मोलमन यांनी लिहिलेली जिट-लॉक ही व्यवस्था आली. तीत कामाचे तीन थर आहेत. पडद्यावर जे दिसणार आहे त्याचे रंगांकन दाखविण्याच्या क्षणीच होते. त्याचा तुकडा बराच काळ ५०० अक्षरांचा होता, पुढे तो १५०० करण्यात आला, आणि तो ओळीच्या सीमेपर्यंत वाढवून घेतला जातो. बदलामुळे ज्यांचा संदर्भ पालटला असेल त्या खालच्या ओळींचे रंगांकन अर्धा सेकंद शांतता झाल्यावर होते. उरलेली, अद्याप न पाहिलेली फाइल चोरपावलांनी रंगविण्याचा तिसरा थर आहे. तो कर्सरच्या सर्वांत जवळचा न रंगविलेला भाग आधी घेतो, दोन तुकड्यांमध्ये अर्धा सेकंद थांबतो, आणि यंत्रावरील भार ठरावीक मर्यादेच्या वर असल्यास स्वस्थ बसतो. कर्सरपासून दोन्ही बाजूंस पसरत जाण्याची ही कल्पना मार्मिक आहे, कारण वाचणारा पुढे कोठे जाईल याविषयीचा सर्वांत स्वस्त अंदाज म्हणजे तो जेथे आहे त्याच्या आसपास. तरीही हा तिसरा थर आज मूलतः बंद असतो. पहिला थर पुरेसा जलद असेल तर कोणी कधी पाहणारही नाही असे हजारो ओळींचे रंग आगाऊ काढण्यात प्रोसेसर जागा राहतो, आणि लॅपटॉपवर त्याची किंमत बॅटरीतून जाते. प्रोसेसरला फुकट वाटणारा वेळ विजेच्या हिशेबात फुकट नसतो.

दुसऱ्या थरातील अर्ध्या सेकंदाचा विलंब केवळ काटकसरीसाठी आहे असे समजणे चुकीचे ठरेल. अवतरणचिन्ह उघडले आणि अजून मिटले नाही, अशा मधल्या अवस्थेत खालचा सारा पडदा एकदम रंग पालटतो व चिन्ह मिटताच पूर्ववत होतो. ती लखलख डोळ्यांना त्रास देते आणि तिच्यातून माहिती काहीच मिळत नाही. थोडे थांबल्याने पुष्कळ काम करावेच लागत नाही, इतकेच नव्हे तर जे केले असते ते दिसणेही इष्ट नव्हते.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. इन्स्क्रिप्ट पद्धतीने ‘स्त्री’ हा एकाक्षरी शब्द टंकण्यास स, हलन्त, त, हलन्त, र व दीर्घ ईकार अशा सहा कळा लागतात. प्रत्येक कळेनंतर पडद्यावरील आकृती पालटते, आणि प्रत्येक कळेला पूर्ण विश्लेषण केल्यास सहापैकी पाच निष्कर्ष टाकून द्यावे लागतात. याहून कठीण प्रश्न घटकांच्या सीमेचा आहे. पायथनच्या तिसऱ्या मालिकेत, म्हणजे २००८ पासून, ‘किंमत’ असे चलाचे नाव ठेवणे भाषेच्या नियमाने वैध आहे. परंतु त्याच भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील शब्दवर्ण ओळखणारे चिन्ह वेलांटी, काना आणि अनुस्वार यांना शब्दाचा भाग मानीत नाही. त्यावर विसंबून लिहिलेले घाईचे रंगांकन ‘किंमत’चे तुकडे पाडते, आणि दोन रंगांची सीमा अक्षराच्या मधोमध आली की काही एडिटरांत वेलांटी आपल्या व्यंजनापासून सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. पुढून स्वस्त नियमांनी तात्पुरता रंग आणि पाठीमागून खऱ्या व्याकरणाने दुरुस्ती, अशी दुहेरी योजना करावयाची असल्यास सीमा अक्षरसमूहाच्या मध्ये पडणार नाही ही खबरदारी पुढच्या, स्वस्त थरातही घ्यावी लागते. पाठीमागचा थर येईपर्यंत तुटलेले अक्षर वाचकाने पाहत बसावे, हे तात्पुरत्या चुकीच्या रंगाइतके क्षम्य नाही.

मॅक्स ब्रन्सफेल्ड यांच्या ट्री-सिटरने, जे ईमॅक्समध्ये २०२३ सालच्या एकोणतिसाव्या आवृत्तीपासून अंतर्भूत आहे, या प्रश्नाचे स्वरूप काहीसे बदलले. बदलाबाहेरच्या उपवृक्षांचा पुनर्वापर करून नवा वाक्यरचनावृक्ष बांधण्याची त्याची पद्धत बर्कली येथे टिम वॅग्नर व सुसान ग्रॅहॅम यांनी एकोणीसशे नव्वदच्या दशकात केलेल्या संशोधनावर आधारलेली आहे. सामान्य बदलानंतरचे काम यामुळे इतके थोडे होते की ते पुढे ढकलण्याचे कारणच पुष्कळदा उरत नाही. पहिल्यांदा संपूर्ण फाइल वाचण्याचा खर्च मात्र शिल्लक राहतो, आणि तो वेगळ्या थ्रेडवर नेल्यास मजकुराची एक स्थिर प्रत तिकडे द्यावी लागते. निकाल परत येईतो मजकूर पालटलेला असेल, तर प्रत्येक निकालावर तो कोणत्या आवृत्तीचा आहे याचा शिक्का असणे भाग आहे. शिक्का जुना निघाला तर निकाल टाकून न देता दरम्यानच्या बदलांइतक्या त्याच्या सीमा सरकवून घेणे व त्यावरूनच पुढचे विश्लेषण सुरू करणे हे बहुधा अधिक लाभाचे असते, कारण सतत टंकणाऱ्याच्या फाइलीस ताजा निकाल कधीच मिळत नाही, आणि टाकून देण्याच्या धोरणाने तिचे रंगांकन पहिल्या मिनिटाला जेथे होते तेथेच तासभर अडून राहू शकते.