चुकलं तरी न हसणारी मॉली



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, सगळ्या उठल्या. एक ताई मात्र बसूनच राहिल्या. त्यांचा मुलगा २४ वर्षांचा. बारावी झालेला, हिशेबाला पक्का. आपल्या गटाच्या वहीतली बेरजेची चूक त्यानं दोनदा काढून दिली आहे. तालुक्याला एका दुकानात माल मांडायच्या कामासाठी तो गेला होता. मालकांनी विचारलं, "तुला हे काम का करायचंय?" हा म्हणाला, "आई म्हणाली म्हणून." मालक हसले, शेजारी उभे होते तेही हसले. मुलगा घरी आला तो आता कुठंच जायला तयार नाही. "खोटं तर बोलला नाही ना हो तो?" ताईंनी आम्हाला विचारलं.

खोटं मुळीच नाही बोलला. हा मुलगा ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द आम्हाला फारसा पटत नाही. माणूस स्वतःतच बुडालाय, बाकीच्यांशी त्याला देणंघेणं नाही, असं त्यातून वाटतं, आणि तसं नसतं. हा आजार नव्हे, कुणाकडून लागत नाही, आईच्या वागण्यानं होत नाही. जन्मापासून मेंदूची घडणच थोडी निराळी असते, आणि ती मोठेपणीही तशीच राहते. काही जण अजिबात बोलत नाहीत, काही जण भरपूर बोलतात. पण बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट अवघड जाते, ती म्हणजे शब्दांच्या मागचं न बोललेलं ओळखणं.

आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की लक्षातही येत नाही. आपण कुणाच्या घरून निघताना "येते हं" म्हणतो. जात तर असतो! पाहुण्याला "जेवून जा" म्हणतो, तेव्हा कधी ते खरं आमंत्रण असतं, कधी नुसती रीत. कोणतं कोणतं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आवाजावरून कळतं. ज्याला ते आपोआप कळत नाही, त्याला प्रत्येक गप्पा म्हणजे परीक्षाच. मुलाखतीत "काम का हवंय" या प्रश्नाचा खरा अर्थ "तू या कामाला कसा उपयोगी पडशील ते सांग" असा असतो, हे तरी कुठं लिहिलेलं असतं?

लिहिलेलं नसेल तर सराव करून शिकता येतं का, या प्रश्नावर अमेरिकेत काही वर्षं काम चाललंय. ते वाचून आम्हाला नवल वाटलं, म्हणून आज त्याबद्दल बोलायचं ठरवलं.

मेरीलँड राज्यात सिमर्शन नावाची कंपनी आहे. तिथल्या लोकांनी सुरुवातीला पोलिसी कामासाठी एक कार्यक्रम बनवला होता. संशयितासमोर बसून चौकशी कशी करायची, हे एफबीआयच्या अधिकाऱ्यांना संगणकावर शिकवायचं. तीच युक्ती पुढं नोकरीच्या मुलाखतीसाठी वापरली. पडद्यावर मॉली पोर्टर नावाची बाई येते. एका मोठ्या दुकानात माणसं नेमण्याचं काम तिच्याकडं. ती कार्टून नाही, खऱ्या अभिनेत्रीला कॅमेऱ्यासमोर बसवून सुमारे १००० प्रश्न तिच्याकडून बोलून घेतलेत. शिकणाऱ्याला पडद्यावर काही उत्तरं दिसतात, काही चांगली, काही बरी, काही फसवी. त्यातलं एक निवडायचं आणि माइकमध्ये मोठ्यानं बोलायचं. संगणक ते ओळखतो आणि त्याला साजेसा मॉलीचा पुढचा तुकडा लावतो. चांगलं उत्तर दिलं की मॉली खुलते, उर्मट दिलं की तिचा सूर बदलतो. म्हणून दोन मुलाखती सारख्या होत नाहीत.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते पुढचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक मार्गदर्शक असतो. उत्तर जमलं की तिथल्या तिथं खूण करतो, फसलं तरी खूण करतो. मुलाखत संपली की सगळं बोलणं लिहून समोर येतं, कुठं बरोबर, कुठं चूक ते रंगानं दाखवलेलं, शेवटी १०० पैकी गुण. आधी मॉली प्रेमळ असते, मग जेवढ्यास तेवढं बोलणारी, मग कडक. कितीही वेळा चुका, ती हसत नाही, कंटाळत नाही, गावभर सांगत नाही.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मॅथ्यू स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पारख केली. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. २६ ऑटिस्टिक तरुण होते, त्यातल्या १६ जणांना मॉलीसोबत सराव दिला, १० जणांना दिला नाही. सरावाच्या आधी आणि नंतर खऱ्या माणसांसमोर नकली मुलाखती घेतल्या. सराव केलेल्यांची प्रगती जास्त दिसली. सहा महिन्यांनी पुन्हा विचारपूस केली, तेव्हा काम मिळालेल्यांतही त्यांचं पारडं जड होतं.

त्याआधी, २०१३ मध्ये, टेक्सासच्या डॅलस शहरातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली होती. संगणकावरच्या खोट्या गावात प्रत्येकाची एक बाहुली. बाहुलीमार्फत अनोळखी माणसाशी ओळख करायची, एका खोलीत राहणाऱ्याशी झालेलं भांडण मिटवायचं, मुलाखत द्यायची. समोरच्या बाहुलीमागं शिकवणारी खरी माणसं बसलेली. पाच आठवड्यांत दहा बैठका, आणि समोरच्याच्या मनातलं ओळखण्यात फरक पडला. पण यात फक्त आठ जण होते. ही आकडेवारी लहान आहे, हे लक्षात ठेवा. शिवाय हे सगळं बोलू शकणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना बोलताच येत नाही, त्यांना मॉलीचा काही उपयोग नाही, त्यांना चित्रांचे तक्ते किंवा टॅबलेट लागतो.

आता आमच्या मनात आलं ते सांगतो. सराव फक्त त्या मुलानंच का करायचा? हसले ते मालक होते.

इंग्लंडमधले डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये लिहिलं की ही गाठ दोन्ही बाजूंनी पडलेली आहे, ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. मग एडिनबरा विद्यापीठात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क आपल्या कानगोष्टीसारखा खेळ मांडला. आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्यानं पुढच्याला. २०२० मध्ये निकाल आला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच शाबूत राहिली, जेवढी आपल्यासारख्यांच्या साखळीत. मिसळलेल्या साखळीत मात्र जास्त गळली. २०२५ मध्ये ३११ जणांना घेऊन हाच खेळ पुन्हा केला, तेव्हा मिसळलेल्या साखळ्याही मागं पडल्या नाहीत. म्हणजे मिसळण्याबद्दलचं उत्तर बदललं. पण ऑटिस्टिक माणसं एकमेकांना नीट सांगतात, हे दोन्ही वेळा दिसलं. "यांना बोलताच येत नाही" असं कुणी म्हटलं तर हे ध्यानात असू द्या.

मॉली इंग्रजी बोलते आणि ती विकत घ्यावी लागते. पण तिची पद्धत आपल्याला नवी नाही. आठवा, पहिल्यांदा बँकेत जाताना आपण काय केलं होतं? एक जण मॅनेजर झाली, बाकीच्यांनी अर्ज दिला, "कर्ज कशाला हवं" ला उत्तर दिलं, हसून हसून पुरेवाट झाली. फरक एवढाच की इथं हसायचं नाही.

ताईंना आम्ही म्हटलं, आधी मुलाला विचारा, त्याला हवंय का. तो दोन दिवसांनी हो म्हणाला, पण त्याच्या अटींवर. प्रश्न आधी कागदावर लिहून हवेत. एका वेळी एकच माणूस समोर. डोळ्यांत बघा असं म्हणायचं नाही, तो टेबलाकडं बघून बोलणार. आम्हाला तिन्ही अटी रास्त वाटल्या. डोळ्यांत बघायला लावलं की काहींना बोलणंच सुचत नाही. मग आम्ही मालक झालो. पहिल्या दिवशी मऊ आवाजात, तेच चार प्रश्न. चुकलं की लगेच सांगायचं आणि का चुकलं तेही सांगायचं, "असं नाही बोलायचं" एवढंच पुरत नाही. "का करायचंय" याचा अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तसंच विचारायचं ना." आणि उत्तर त्यानं स्वतः बनवलं: "मला वस्तू ओळीत लावायला आवडतं. माझी मोजणी चुकत नाही." यात आई नाही, आणि खोटंही नाही.

त्या दुकानात तो जाणार नाही म्हणतो, आम्हीही आग्रह केला नाही. दुसऱ्या एका मालकांशी बोललोय. प्रश्न आधी कळवा आणि सरळ विचारा, एवढीच विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. तुमच्या घरात असं कुणी असेल तर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. २०१६ च्या कायद्यात ऑटिझमची नोंद आहे आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांमध्ये त्याचा समावेश आहे.

परवा पाचवा सराव झाला. शेवटी आम्ही मालकाच्या आवाजात म्हटलं, "तुला काही विचारायचंय?" तो टेबलाकडं बघत म्हणाला, "पगार किती, आणि सुट्टी कोणत्या वारी?" आम्ही मालक झालो खरे, पण हे उत्तर आमच्याकडं तयार नव्हतं.